नकाण्यापासून चांगदेवापर्यंत, जाणाऱ्या पाखरांमागे

माझ्या वहीत प्रत्येक पक्ष्यासमोर दोन रकाने आहेत. एक 'पहिल्यांदा दिसला', दुसरा 'शेवटचा दिसला'. पहिला दरवर्षी भरतो. पावसाळा सरून तळ्यावर पहिली बदकं उतरली की तासाभरात चार जणांचे फोन येतात. दुसरा रकाना मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ कोराच आहे. पाखरं जाताना सांगून जात नाहीत, आणि उन्हं चढू लागली की आम्हीही पाण्यावर जायचं सोडून देतो. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी माहेरी जाताना दुर्बीण बरोबर घेतली आणि ठरवलं, धुळ्यापासून तापीपर्यंत जी पाणी लागतील तिथल्या पक्षीमित्रांना भेटत जायचं. त्यांना विचारायचं, तुमच्याकडून कोण गेलं, कोण अजून आहे?

शुक्रवारी संध्याकाळी नकाणे तलाव. धुळ्याच्या नळाला पाणी देणारा हा तलाव लहानपणी आमच्या लेखी फक्त सहलीची जागा होता. मी बांधावर पोचले तेव्हा आमचे सर स्कोप लावून बसले होते. निवृत्तीनंतर त्यांची शाळा इथेच भरते. पाणी बरंच मागे गेलं होतं, काठाला ओल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि त्यावर पिवळे धोबी धावत होते. थंडीभर मळकट दिसणाऱ्या या धोब्यांची पोटं आता हळदीसारखी पिवळी झाली होती, काहींच्या डोक्यावर काळा रंग उतरायला लागला होता. मला हे दिवस म्हणूनच आवडतात. पाहुणी पाखरं लग्नाचे कपडे इथेच, आपल्या तळ्यांवर अंगावर चढवतात आणि मग वऱ्हाड उत्तरेला निघतं. त्यांचा संसार आपल्याला दिसत नाही, पण ही तयारी आपल्या वाट्याला येते.

पलीकडे थापट्या बदकांचा थवा गोल गोल फिरत होता. एकामागे एक, चोच पाण्याला लावलेली. सगळ्यांचे पाय एकाच जागी पाणी ढवळतात, तळचं खाद्य वर येतं आणि चमच्यासारख्या चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून ते गाळून घेतलं जातं. नरांची हिरवी डोकी उतरत्या उन्हात चमकत होती. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

तेवढ्यात गुरं घेऊन परतणारा एक म्हातारा थांबला.

"काय देखी ऱ्हायनात ताई?"

"पाखरं, बाबा. चकवा शेतस का अजून?"

"चार दिन मांगे गंज व्हतात. आते थोडाच शेतस. होळी व्हयनी का आठे काहीच ऱ्हात नही."

चकवा म्हणजे चक्रवाक बदकं. चार दिवसांमागे ती पुष्कळ होती, आता थोडीच उरलीत, होळीनंतर इथे काहीच राहत नाही, असं त्याचं म्हणणं. सरांनी वही काढून ते लिहून घेतलं, पुढे कंसात 'गुराख्याकडून, ऐकीव'. स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं यांची ते कधी सरमिसळ करत नाहीत. तीन वर्षांपूर्वी याच बांधावर लांबून तांबूस डोकं दिसलं म्हणून मी लालसरी बदक लिहून मोकळी झाले होते. सरांनी एवढंच विचारलं, "कपाळ पाहिलंस का?" मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा कपाळावर सायीच्या रंगाचा पट्टा दिसला. ते तरंग नावाचं दुसरंच बदक होतं. लालसरी २०१५ पासून जगाच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. तिची एक खोटी नोंद म्हणजे नसलेला पक्षी असल्याचा दाखला. तेव्हापासून खूण पाहिल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

शनिवारी सकाळी जळगावचं मेहरूण. फिरायला येणाऱ्यांची गर्दी, गाण्यांचा आवाज, आणि त्यातही काठाच्या गवताशी टिबुकल्या बुड्या मारत होत्या. तासभर थांबले, पाण्यावरचे वारकरी पक्षी मोजले आणि भुसावळची वाट धरली. रस्त्याला केळीच्या बागा लागल्या, मध्ये दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी होती, आणि एका पळसावर पानांपेक्षा भोरड्या जास्त होत्या. गुलाबी अंग, काळं डोकं, फुलांत चोच घालून रस पिताना कपाळाला पिवळा पराग लागलेला. पळसमैना हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याने असंच एखादं झाड पाहिलं असणार. मध्य आशियाकडून येणाऱ्या पाहुण्यांत भोरड्या लवकर, पावसाळ्यातच हजर होतात आणि जायला एप्रिल उजाडतो. दादरीवर त्यांची धाड पडली की शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर चढतो, ते रास्तच आहे. पण नाकतोडे आणि टोळ फस्त करणारीही हीच पाखरं.

वरणगावहून हतनूर धरणावर पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. धरणाचे ४१ दरवाजे बातम्यांतून सगळ्या खान्देशाला ठाऊक आहेत. पावसाळ्यात ते उघडले की तापीकाठच्या गावांना इशारा जातो. आत्ता ते सगळे बंद होते आणि वरच्या अंगाला पाणी पार क्षितिजापर्यंत पसरलं होतं, त्यामागे सातपुड्याची निळी रेघ. पाखरांना हे पाणी का आवडतं याचं कारण धरणाच्या दुखण्यातच आहे. तापी आणि पूर्णा इथे एवढा गाळ आणून टाकतात की जलाशय उथळ होत गेला. माणसाच्या दृष्टीने ते पाणी साठवायची जागा गमावणं. पण उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, पाणवनस्पती वाढतात, किडे आणि शंख-शिंपले होतात. डोकं खाली आणि शेपटी वर करून चरणाऱ्या बदकांना तळ लागतो. पाणी ओसरू लागलं की उघड्या चिखलावर लांब पायांचे पक्षी येतात. पुढे उन्हाळ्यात वाळूची बेटं वर आली की नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या त्यावर नुसत्या खळग्यात अंडी घालतात. एकाच पाण्यावर अशी तीन वेगळी गावं, पाण्याच्या पातळीप्रमाणे बसतात आणि उठतात.

रात्री वरणगावात एका पक्षीमित्राच्या अंगणात सगळे जमले. काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. एक काका रेल्वेतले, एक भाऊ आयुध निर्माणीतले, एक केळी बागायतदार, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि तिची आई. जेवताना ज्याने त्याने आठवड्यात काय पाहिलं ते सांगायचं, ही त्यांची रीत. रेल्वेतल्या काकांनी मागच्या रविवारी मासा पकडून नेणारा कैकर पाहिला होता. बागायतदार भाऊंच्या बांधावर नीलपंख हवेत कोलांट्या मारायला लागला होता, म्हणजे त्याचा विणीचा हंगाम जवळ आला. मुलीने बेशरमाच्या झुडपांत एक चिमुकला पक्षी पाहिला, गळा निळा आणि मध्ये तांबडा ठिपका. "शेपटीच्या मुळाशी तांबूस होतं?" "हो, उडताना दिसलं." मग सगळ्यांनी मान डोलावली, नोंद पक्की झाली. कोणी कोणाला मोठेपणाने शिकवत नव्हतं. प्रश्न खुणेबद्दल होता, माणसाबद्दल नव्हता.

मी माझ्या कोऱ्या रकान्याची गोष्ट काढली. काका म्हणाले, "ताई, मोजण्या सगळ्या भरल्या घरातल्या. जानेवारीतली पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे, फेब्रुवारीतली चार दिवसांची अंगणातली गणना आपल्याकडे २०१३ मध्ये आली. पण घर रिकामं होतं तेव्हा मोजायला कोण जातं?" शेवटचा दिवस त्या दिवशी कळतच नाही, हे त्यांचं म्हणणं मला तिथे पहिल्यांदा नीट उमगलं. आज दिसलेला पक्षी शेवटचा होता का, ते पुढच्या खेपेला जाऊन तो न दिसल्यावरच कळणार. म्हणून त्यांच्या वहीत शून्यही लिहिलेलं असतं. 'गेलो, सकाळी दोन तास, चक्रवाक शून्य.' अशा ओळींची पानंच्या पानं त्यांनी मला दाखवली.

मग अर्थातच रानपिंगळ्याचा, त्या दुर्मीळ छोट्या घुबडाचा, विषय निघाला. खान्देशात पक्षीमित्र जमले आणि तो निघाला नाही असं होत नाही. १८८४ मध्ये या भागात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले आणि त्यानंतर तो शंभरावर वर्षं कोणालाच खात्रीने दिसला नाही. मधल्या काळातली एक नोंद होती, १९१४ सालची, गुजरातमधली. कर्नल माइनर्ट्झहागन या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाच्या संग्रहातला तो नमुना. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासून दाखवलं की तो मुळात डेव्हिडसन यांचाच नमुना होता, चोरून, नव्याने भरून आणि खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. त्या एका खोट्या चिठ्ठीमुळे शोध भलत्या दिशेला जात होता. ती बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी. हे मी अनेकदा ऐकलं आहे. पण त्या रात्री अंगणात ऐकताना वाटलं, 'शेवटचा दिसला' या रकान्याची किंमत आपल्या खान्देशाइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असावी!

रविवारी पहाटे सहाला चांगदेव. स्वेटर लागत होता, दुपारी त्याच जागी डोक्याला रुमाल लागणार होता. मुक्ताबाईची माघवारी नुकतीच सरली होती, रस्त्याकडेला दुकानांचे बांबू अजून उभे होते. चांगदेवाचं दगडी मंदिर आणि खाली तापी-पूर्णेचा संगम, धरणाच्या फुगवट्याने रुंद झालेला. धुक्यातून पहिले दिसले ते वारकरीच, काळ्या अंगाचे, कपाळावर पांढऱ्या टिळ्याचे. माणसांची वारी घरी गेली होती, पाण्यावरची अजून थांबली होती.

भोई दादांच्या नावेत आम्ही चौघं बसलो. पाखरांपासून लांबच राहायचं, उडाली तर परत फिरायचं, हे त्यांनी आधीच बजावलं. मागच्या वर्षी कोणीतरी फोटोसाठी थव्यावर ड्रोन नेला आणि पाणीच्या पाणी रिकामं झालं. ते सांगताना दादांचा आवाज चढला होता. लांब उडायचं आहे त्या पाखराला या दिवसांत अंगावर चरबी धरायची असते, आणि प्रत्येक उगाच घेतलेली झेप ती जाळते.

पट्टकादंब हंस पलीकडच्या गाळपेरीच्या, म्हणजे उघड्या गाळावरच्या पिकांच्या, कडेला होते. रात्री हरभऱ्यात, गव्हात चरून आलेले, आता चोची पाठीत खुपसून निवांत. पांढरं डोकं, त्यावर दोन काळ्या पट्ट्या. मुलीने मोजायला सुरुवात केली. आधी दहा मोजायचे, तेवढा घोळका डोळ्यात धरायचा आणि मग तसे किती घोळके ते पाहायचं. तिचे त्रेसष्ट झाले, काकांचे एकसष्ट. पुन्हा मोजले, त्रेसष्ट. मंगोलियात, तिबेटात, लडाखच्या तळ्यांवर घरटी करणारे हे पक्षी हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्याही वर गेल्याची नोंद आहे. काही मंगोलियन पट्टकादंबांच्या गळ्यात संशोधकांनी अक्षरं लिहिलेली पट्टी घातलेली असते, तशी पाखरं महाराष्ट्रात दिसली आहेत. आम्ही त्रेसष्टच्या त्रेसष्ट माना तपासल्या. पट्टी नव्हती.

साडेआठच्या सुमारास एकाने मान वर केली. मग दुसऱ्याने. नाकातून आल्यासारखा तो आवाज थव्यातून फिरला, आणि कोणीही हाकललेलं नसताना वीस-बावीस पाखरं उठली. दोन फेऱ्या मारल्या, तिरकी रेघ धरली आणि सातपुड्याच्या दिशेने निघाली. पलीकडच्या शेतात गेली की कायमची गेली, कोण सांगणार? दादांनी वल्हं थांबवलं होतं. मी दुर्बिणीतून ती रेघ पुसली जाईपर्यंत पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

परतताना मंदिराच्या पायरीवर चहा घेतला. काका म्हणाले, चांगदेवांनी ज्ञानोबांना कोरं पत्र पाठवलं, काय लिहावं ते सुचेना म्हणून. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून कोराच राहिला! "तुमच्या रकान्याचंही तसंच आहे ताई. लिहायचं तर यावं लागेल." मी नाशिकला राहते, दर आठवड्याला येणं जमणार नव्हतं. मुलगी म्हणाली, "मी जाईन दर रविवारी. तुम्ही नकाण्याचं सरांकडून घ्या, मी इथलं कळवते."

पुढच्या रविवारी तिचा निरोप आला: पट्टकादंब १७, चक्रवाक ९, थापटे बरेच. त्यानंतरच्या: पट्टकादंब ४. काळ्या शेपटीच्या पंटिवळ्यांच्या माना विटकरी झाल्या आहेत. होळी झाली. त्यानंतरच्या रविवारी: 'सकाळी साडेसहा ते नऊ. नाव घेऊन संगमापर्यंत गेलो. पट्टकादंब शून्य. नदी सुरयाची एक जोडी बेटावर खळगा उकरते आहे.'

मी वही उघडली, पट्टकादंबाची ओळ काढली आणि दुसऱ्या रकान्यात आदल्या रविवारची तारीख लिहिली.