दहा रुपयांत दिवसभर

सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, भोगीला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, आमच्या दुकानांच्या संकुलाच्या तळघरात दुचाकीच्या ६१ पावत्या फाटल्या. दहा रुपयांप्रमाणे ६१० रुपये. गेटवरच्या दोन पोरांचा रोजही त्यात निघाला नाही. आणि तरी सकाळी साडेअकरापासून रात्री आठपर्यंत बाहेर 'पार्किंग फुल्ल'ची पाटी लटकत होती. १२० गाड्यांची जागा, दिवसभर फुल्ल आणि गल्ल्यात ६१० रुपये. चोरी झाली असं गाळेधारकांना वाटलं. चोरी झाली नव्हती. एकेक पावती मी स्वतः रजिस्टरशी ताडून बघितली.

नवी पेठेतल्या या संकुलाचं पार्किंग माझ्याकडे आहे. पैसे लावायच्या आधी तीन दिवस गाड्या मोजल्या होत्या. सकाळी साडेदहाला, म्हणजे गिऱ्हाईक फिरकायच्या आत, ७० दुचाक्या लागलेल्या. सगळ्या गाळेधारकांच्या आणि त्यांच्या कामगारांच्या. त्या रात्री शटर पडेपर्यंत हलत नाहीत. उरल्या ५० जागा. पण त्या ५० जागांवर दिवसभरात तीनशेच्या आसपास गाड्या येऊन जायच्या. ब्लाउजपीस घ्यायचा, शिवायला टाकलेलं आणायचं, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. एक जागा दिवसातून सहा वेळा रिकामी होते आणि सहा वेळा भरते. पार्किंगचा धंदा म्हणतात तो एवढाच. जागा किती यापेक्षा ती किती वेळा सुटते हे बघायचं असतं.

पैसे लावायचे ते त्या ७० गाड्या हलाव्यात म्हणून, असं माझं म्हणणं होतं. सभेत दर ठरला सपाट: दुचाकी १० रुपये, वेळेची अट नाही. "तासाचा हिशेब कोण ठेवत बसणार?" आणि त्याच सभेत गाळेधारकांना पास. किती पास? ७०.

गड्डा भरतो ते होम मैदान नवी पेठेतून चालत जाण्याएवढं. गड्ड्याच्या दिवसांत पार्क चौकाकडे गाडी घालायची सोय नसते. सावलीत, राखणीतली जागा दिवसभर दहा रुपयांत! मी गावाकडून आलो असतो तर मीही तिथेच लावली असती. सकाळी दहापासून लोक आले, गाडी लावली, अक्षता बघितल्या, मग पाळणे, भज्या, भांडी, सगळं उरकून रात्री परतले. त्यात दुकानाचं गिऱ्हाईक किती, हे त्या दिवशी बिल बघत नसल्यामुळे सांगता येत नाही, पण सात-आठच्या वर नसावं. बाहेर पाटी बघून माघारी वळणारे मात्र मी मोजत होतो. दुपारी चार ते पाच या एका तासात ४० दुचाक्या. एक बाई वाणाचं सामान न्यायला आलेल्या, मागे मुलगी बसलेली. "रोजच्या गिऱ्हाइकाला पण नाही का हो मालक?" नाही म्हणालो. त्यांनी गाडी वळवली. त्यांना पाच मिनिटंच हवी होती.

चारचाकीचं वेगळं सांगत नाही, तीच गत.

मांडणीबद्दल मात्र सांगतो, कारण तिथे आमचं चुकलेलं नव्हतं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत दुचाकीला १ मीटर बाय २ मीटर धरलंय, मोटारीला अडीच बाय पाच. साइड स्टँडवर कललेली गाडी मीटरभर खातेच. डबल स्टँडवर सरळ उभी केली तर हँडलच्या रुंदीएवढी, पाऊण मीटर पुरते. म्हणून पोरं ओरडत असतात, "डबल स्टँड, डबल स्टँड". आता कित्येक गाड्यांना डबल स्टँड येतच नाही. त्या भिंतीकडेच्या एका ओळीत घ्यायच्या, मधल्या ओळीत एक जरी घुसली तर चार गाड्यांची वाट अडते. हँडल लॉक करू द्यायचं नाही, नाहीतर मागची काढायला पुढची सरकवता येत नाही. पावतीचे दोन तुकडे: एक ब्रेकच्या वायरला खोचायचा, एक गिऱ्हाइकाला, आणि दोन्हीवर नंबरचे शेवटचे चार आकडे बॉलपेनने. नुसता अनुक्रमांक छापलेल्या पावत्या घेणाऱ्यांची मला गंमत वाटते. पावती हरवली की त्यांच्याकडे काहीच उरत नाही.

रात्री नऊला सगळे एकदम निघाले तेव्हा आमचं चुकलं कुठे ते कळलं. आत घेताना गाडीला दहा सेकंद लागतात, बाहेर सोडताना पाऊण मिनिट. आमचा पैसे घेणारा पोरगा रॅम्पच्या पायथ्याशी बसवलेला, तळघरात रेंज नाही, क्यूआर स्कॅन होऊन चक्र फिरत राहतं. शंभराच्या नोटा, सुट्टे संपलेले. त्याला वर हलवला तर गाड्या चढावर थांबायला लागल्या. मागे पोरं-बाळं बसवलेली, एक हात ब्रेकवर, दुसरा खिशात. एक मोपेड मागे घसरली, मागच्याच्या मडगार्डला टेकली, नशीब एवढ्यावरच. पैसे घ्यायची जागा रॅम्प संपल्यावर सपाटीवर निदान मोटारीच्या लांबीएवढी हवी. आमच्याकडे रॅम्प संपला की थेट फुटपाथ. नकाशा काढणाऱ्याने गाडी कधी चालवली असेल का, शंका येते. शेवटी, दर सपाट आहे तोवर, येतानाच पैसे घ्यायचे ठरवलं, जाताना फक्त आकडे जुळवायचे.

त्या गोंधळात एकाची पावती गेली. आरसी मोबाइलमध्ये, मोबाइलला रेंज नाही. त्याला वर रस्त्यावर नेला, डिजिलॉकर उघडलं, नंबर गाडीशी आणि वायरीतल्या तुकड्याशी जुळवला, किल्ली लावून दाखवायला लावली, रजिस्टरला सही घेतली. वीस मिनिटं. तो चिडला होता, पण असंच करावं लागतं. 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' ही पाटी लावली की सुटलो असं गाळेधारकांना वाटतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पंचतारांकित हॉटेलला गाडीच्या चोरीबद्दल जबाबदार धरलं, पावतीवर मालकाची जबाबदारी छापलेली असूनही. तिथे किल्ली हॉटेलने घेतली होती, आम्ही घेत नाही, हा फरक आहे. पण पैसे घेऊन पावती फाडल्यावर गाडी गेली, तर या फरकावर मला झोप लागणार नाही.

नंतर मी लिहून दिलं ते असं. पहिला अर्धा तास फुकट. पुढे तासाला दहा, चौथ्या तासापासून वीस. दुकानाच्या बिलावर शिक्का असला की दोन तास माफ. हैदराबादला नातेवाईक असणाऱ्यांना यात नवीन काही नाही. तेलंगण सरकारने मार्च २०१८ च्या आदेशात मॉल-मल्टिप्लेक्सना पहिला अर्धा तास फुकट द्यायला लावला, एका तासापर्यंत कुठलंही बिल दाखवलं तर पैसे नाहीत, आणि त्याच्या वर बिल पार्किंगच्या रकमेहून मोठं असलं तर नाहीत. शिक्का मात्र गल्ल्याशीच हवा, गेटवर नको, नाहीतर पोरं ओळखीच्यांना मारून देतात. गड्ड्याच्या गर्दीपुरता दिवसाचा वेगळा दर, ५० रुपये, आणि तोही फक्त २० जागांना. पास प्रत्येक गाळ्याला एकच, महिना ३०० रुपये. कामगारांच्या गाड्यांसाठी मागच्या बोळातला रिकामा प्लॉट भाड्याने घ्यायचा.

शिक्का मान्य झाला. अर्धा तास फुकट, तोही मान्य झाला, थोडं कुरकुरत. गड्ड्याच्या वेगळ्या दरावर कुणाला अडचणच नव्हती. पासावर मात्र सभा संपली. कापडवाले एक अण्णा म्हणाले, "आमच्याच बिल्डिंगमध्ये आम्ही पैसे भरायचे का?" त्यांच्या दुकानात चार पोरं कामाला आहेत, चारही गाड्यांना पास. त्या भोगीला वाणाचं सामान न्यायला आलेल्या बाई त्यांच्याच दुकानाकडे निघाल्या होत्या का, हे मला माहीत नाही. मी विचारायला हवं होतं.

दुचाकीचा दर दहाचा पंधरा करायचा ठराव या सभेत आलाय. पासाचा विषय पुढच्या सभेत.