चुकलेल्या उत्तरालाही बोलता आलं पाहिजे

दशांश अपूर्णांक शिकवून झाले की चाचणीत हमखास येणारा प्रश्न: ०.४, ०.३५ आणि ०.१२८ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती? उत्तर ०.४. बहुतेक मुलांनी ते बरोबर लिहिलं की तुलना समजली असं धरून आपण पुढच्या घटकाकडे वळतो. पण काही मुलांच्या डोक्यात वेगळाच नियम बसलेला असतो: दशांश चिन्हानंतर अंक जितके कमी, तितकी संख्या मोठी. दशांशापेक्षा शतांश लहान आणि शतांशापेक्षा सहस्रांश लहान, हे त्यांनी नीट ऐकलेलं असतं, त्यावरूनच हा निष्कर्ष त्यांनी स्वतः काढलेला असतो. हा चुकीचा नियमही त्यांना ०.४ पर्यंतच नेतो. गुण पूर्ण मिळतात आणि चूक जागच्या जागी राहते.

आता संख्या बदलू. ०.६२, ०.५ आणि ०.४५७. ‘अंक कमी म्हणजे मोठी’ असं मानणारं मूल ०.५ निवडेल. दशांश चिन्ह बाजूला ठेवून ५, ६२, ४५७ असं वाचणारं मूल ०.४५७ निवडेल. स्थानिक किंमत कळलेलं मूल ०.६२ निवडेल. तीन पर्याय, तीन वेगवेगळ्या समजुती. कोणी काय निवडलं यावरून उद्याच्या तासाला कोणाशी काय बोलायचं ते ठरतं. माझ्या लेखी चांगल्या प्रश्नाची खूण हीच: उत्तर चुकलं तरी ते काहीतरी सांगून गेलं पाहिजे.

बहुपर्यायी प्रश्नातल्या चुकीच्या पर्यायांना विकर्षक म्हणतात. ते बसल्या जागी सुचणारे शब्द नसावेत. मुलांच्या वह्यांमधल्या चुकांमधूनच ते उचलावेत. १/२ + १/३ या बेरजेला २/५ हा पर्याय हवाच, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारी मुलं तिथेच पोहोचतात. २/६ हाही चालेल, तो छेद सारखा करून अंश बदलायला विसरल्याची खूण आहे. पण ७/११ कशासाठी? त्या उत्तराकडे नेणारी कोणतीही वाट नाही. चौथा पर्याय केवळ रकाना भरण्यासाठी घालायचा असेल तर तीनच ठेवा. कोणीच न निवडलेला पर्याय वाचायला वेळ घेतो, बाकी काही देत नाही.

हे सगळं प्रश्नाच्या पातळीवरचं. त्याआधी अख्ख्या चाचणीचा तोल पाहावा लागतो, आणि त्यासाठी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या घटकाला आणि उद्दिष्टाला किती गुण ते दाखवणारा तक्ता, लागतो. अनेक शिक्षक तो कागदपत्रांसाठी, प्रश्नपत्रिका तयार झाल्यावर भरतात. मग तो निरुपयोगी ठरतो यात नवल नाही. तो आधी भरायचा असतो. समजा दशांश अपूर्णांकांना १० तासिका दिल्या: स्थानिक किंमत ३, तुलना २, बेरीज-वजाबाकी ३, शाब्दिक उदाहरणं २. चाचणी २५ गुणांची असेल तर त्याच प्रमाणात साडेसात, ५, साडेसात आणि ५ असे गुण येतात. ते ८, ५, ७, ५ असे पूर्णांकात आणा. मग प्रत्येक घटकाचे गुण ज्ञान, आकलन आणि उपयोजन या उद्दिष्टांमध्ये वाटा. तक्ता नसला की काय होतं? लिहायला सोपे प्रश्न आपोआप वाढतात. व्याख्या, नावं, रिकाम्या जागा भराभर सुचतात. उपयोजनाचा एक प्रश्न लिहायला अर्धा तास जातो, म्हणून तो एकच येतो, तोही शेवटी, जिथे पोहोचेपर्यंत वेळ संपलेला असतो.

उद्दिष्ट लिहिताना ‘समजणे’ हे क्रियापद टाळावं. समजलं की नाही ते दिसत नाही. ‘दोन दशांश अपूर्णांकांची तुलना करून कारण सांगतो’ हे दिसतं, ऐकू येतं, तपासता येतं. आणि एका कौशल्यावर एकच प्रश्न ठेवून निष्कर्ष काढू नये. एका प्रश्नात नशीब असतं, घाई असते, वाचण्यातली चूक असते. तीन-चार प्रश्नांमध्ये तीच चूक दिसली तर ती खरी.

नशिबाचं गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. ‘चूक की बरोबर’ प्रकारचे २० प्रश्न असतील आणि मुलाने सगळेच अंदाजाने सोडवले, तर सरासरी १० बरोबर येतात. १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता साधारण चारात एक. म्हणजे काहीही न येता ६० टक्के मिळू शकतात. तेच २० प्रश्न चार पर्यायांचे असतील तर निव्वळ अंदाजाने १२ गाठण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी. ‘चूक की बरोबर’ विचारायचंच असेल तर ‘चूक असल्यास विधान दुरुस्त करून लिहा’ एवढं जोडा आणि गुण दुरुस्तीला द्या.

भाषा उत्तर कसं फोडते

मराठीत हा धोका जास्त आहे, कारण आपल्याकडे क्रियापद आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतात. हे वाक्य पाहा: ‘मुळांनी शोषलेले ______ खोडातून पानांपर्यंत पोहोचते.’ पर्याय: हवा, साखर, पाणी, स्टार्च. ‘शोषलेली हवा’, ‘शोषलेली साखर’, ‘शोषलेला स्टार्च’ म्हणावं लागेल, ‘शोषलेले’ फक्त पाण्याला लागतं. विज्ञान न येणारं, पण मराठी ज्याची घरची भाषा आहे असं मूल कान वापरून उत्तर देईल. ज्याची घरची भाषा दुसरी आहे त्याला हा सुगावा लागणार नाही. म्हणजे चाचणी विज्ञानाची आणि मोजलं गेलं मराठी. उपाय सोपा आहे. वाक्याचा प्रश्न करा: ‘मुळे मातीतून काय शोषून घेतात?’ किंवा सगळे पर्याय एकाच लिंगाचे निवडा. ‘हा’, ‘ही’, ‘हे’ रिकाम्या जागेच्या शेजारी दिसलं की थांबून तपासायची सवय लावून घ्यावी.

दुसरी अडचण ‘नाही’ची. मराठीत तो वाक्याच्या शेवटी येतो. ‘खालीलपैकी कोणता प्राणी सस्तन नाही?’ घाईत वाचणारं मूल ‘सस्तन’पर्यंत येतं आणि पहिला सस्तन प्राणी दिसताच खूण करून मोकळं होतं. ही चूक ज्ञानाची नाही. शक्यतो प्रश्न होकारार्थी करा. नकार हवाच असेल तर तो ठळक छापा किंवा अधोरेखित करा, आणि पर्यायांमध्ये दुसरा नकार अजिबात नको.

बाकीचे सुगावे सगळ्याच भाषांतले. बरोबर पर्याय सर्वांत लांब असतो, कारण तो अचूक करताना आपण अटी जोडत जातो. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘फक्त’ असे शब्द चुकीच्या पर्यायांत गोळा होतात आणि मुलांना ते चटकन कळतं. ‘वरील सर्व’ असेल तर चारपैकी दोन बरोबर आहेत एवढं माहीत असणं पुरतं. ‘वरीलपैकी एकही नाही’ हे बरोबर उत्तर असेल, तर मुलाला खरं उत्तर येतं की नाही ते कळतच नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अकराव्या प्रश्नाच्या वाक्यात सापडणं हेही वारंवार होतं. पूर्ण पत्रिका एकदा फक्त यासाठी वाचावी.

रिकाम्या जागेबद्दल एवढंच, की ‘सूर्य हा ______ आहे’ याला तारा, तप्त, गोल, मोठा सगळंच चालतं आणि मग तपासताना वाद होतात. जागा एकच असावी, वाक्याच्या शेवटाकडे, आणि एकक अपेक्षित असेल तर ते छापून द्यावं. जोड्या लावताना डावीकडे ५ असतील तर उजवीकडे ७ ठेवा, नाहीतर शेवटची जोडी फुकट मिळते. एका रकान्यात शास्त्रज्ञ, उपकरणं आणि एककं एकत्र आली तर ती जोडी नावाच्या प्रकारावरूनच लागते.

दीर्घोत्तरी प्रश्न

‘प्रकाशसंश्लेषणाची माहिती लिहा’ हा प्रश्न नाही, ही मोकळी पाटी आहे. कोणी चार ओळी लिहील, कोणी दीड पान, आणि दोघांनाही आपण काय मागितलं ते कळलेलं नसेल. त्याऐवजी: ‘दोन सारखी रोपे घेतली. एक उजेडात ठेवले, दुसरे बंद कपाटात. दोघांनाही सारखेच पाणी दिले. काही दिवसांनी कपाटातल्या रोपाची पाने पिवळी पडली. असे का झाले? (३ गुण) फक्त पाणी वाढवून हे टाळता आले असते का? कारणासह लिहा. (२ गुण)’ इथे पाठ केलेला उतारा चालत नाही आणि किती लिहायचं ते गुणांवरून कळतं.

याची गुणदान योजना चाचणीच्या आधी लिहून ठेवायची. नुसतं ‘बरोबर उत्तरास ३’ नको, प्रकाश मिळाला नाही याला १, त्यामुळे हरितद्रव्य तयार होणं आणि टिकणं थांबलं याला १, अन्न तयार झालं नाही याला १, असं तपशीलवार. ही योजना लिहिताना आपण स्वतःच अडखळलो तर प्रश्न संदिग्ध आहे हे छापायच्या आधीच कळतं. गणितात पहिल्या पायरीला आकडा चुकला पण पुढची रीत बरोबर असेल तर पुढचे गुण द्यायचे, हेही आधीच ठरवा. शुद्धलेखनाचंही तसंच. विज्ञानाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापले, तर तो आकडा विज्ञानाचा राहत नाही. चूक दुरुस्त करून द्यावी, गुण कापू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

योजनेशिवाय तपासणी किती डळमळते, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. १९१३ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. १०० पैकी गुण तिशीच्या खालपासून नव्वदीच्या वरपर्यंत पसरले. भूमितीत, जिथे उत्तर ठरलेलं असतं असं आपण मानतो!

म्हणून तपासताना पहिला प्रश्न सगळ्या पत्रिकांमधला आधी तपासा, मग गठ्ठा पिसून दुसरा घ्या. नाव दुमडून ठेवा. हुशार म्हणून ओळखलेल्या मुलाच्या अर्धवट वाक्यात आपण नकळत पूर्ण अर्थ भरतो. लागोपाठ तीन कच्च्या पत्रिकांनंतर आलेली मध्यम पत्रिका चांगली वाटते, गठ्ठा पिसायचा तो यासाठी. शेवटी, पहिल्या तपासलेल्या पाच पत्रिका पुन्हा वाचा. तोपर्यंत आपला हात सैल किंवा कडक झालेला असतो.

‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’ हा पर्याय मुलांवरची दया वाटतो, पण त्यामुळे एकाच वर्गात दहा वेगवेगळ्या चाचण्या होतात आणि त्यांचे गुण एकमेकांशी ताडता येत नाहीत. शिवाय ज्या घटकात मूल कच्चं आहे तो घटक त्याला टाळता येतो, आणि आपल्याला नेमकं तेच पाहायचं असतं.

वेळेसाठी: पत्रिका स्वतः घड्याळ लावून, उत्तरं पूर्ण लिहून सोडवा. त्याच्या तिप्पट-चौपट वेळ मुलांना लागतो असं धरा. निम्म्या वर्गाचा शेवटचा प्रश्न कोरा राहिला तर त्या प्रश्नाबद्दल काहीच कळलेलं नसतं.

गुण देऊन झाल्यावरचं काम

४० मुलांपैकी २४ जणांनी प्रश्न बरोबर सोडवला तर काठिण्य निर्देशांक ०.६०. नाव फसवं आहे: आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा. मग एकूण गुणांनुसार वरचे आणि खालचे २७ टक्के, म्हणजे इथे ११-११ मुलं घ्या. वरच्या गटात ९ बरोबर, खालच्यात ३, तर भेदन निर्देशांक, म्हणजे प्रश्न पक्क्या आणि कच्च्या मुलांत किती फरक करतो ते सांगणारा आकडा, ६ भागिले ११, म्हणजे ०.५५. ०.३० च्या वर असेल तर प्रश्न चांगला काम करतोय. ०.२० च्या खाली असेल तर पुन्हा वाचा. ऋण आला, म्हणजे खालच्या गटाने जास्त बरोबर दिला, तर आधी उत्तरसूची तपासा. बऱ्याचदा तिथेच चूक सापडते, नाहीतर दुसरा पर्यायही बरोबर ठरत असतो आणि नीट विचार करणारी मुलं तिकडे गेलेली असतात.

मात्र या आकड्यांना फार चिकटू नये. ११ मुलांच्या गटात एक मूल इकडचं तिकडे झालं तरी निर्देशांक ०.०९ ने हलतो. आणि जे सगळ्यांनाच यायला हवं ते सगळ्यांना आलं, तर भेदन शून्याजवळ येणारच. तिथे प्रश्न काढून टाकू नका, ती शिकवण्याची पावती आहे.

निर्देशांकापेक्षा मला पर्यायांची मोजणी जास्त कामाची वाटते. दशांशाच्या त्या प्रश्नात २२ जणांनी ०.६२, ११ जणांनी ०.४५७ आणि ७ जणांनी ०.५ निवडलं असं समजा. ११ जणांना शून्य जोडून, ०.६२० आणि ०.४५७ असं लिहून तुलना करायला लावणं पुरणार नाही. त्यांना रीत येईल, पण ६२० आणि ४५७ या पूर्ण संख्याच ते पाहत राहतील. त्यांना शंभर चौकटींच्या कागदावर ०.५ रंगवू द्या, मग त्यावरच ०.४५७ कुठे येतो ते शोधू द्या. ७ जणांना ०.३ आणि ०.८७ ताडायला द्या. त्यांच्या नियमाने ०.३ मोठा ठरतो, पण संख्यारेषेवर ०.८७ एकच्या जवळ दिसतो. दहा-बारा दिवसांनी दोन्ही गटांना ०.७१, ०.६ आणि ०.५३८ द्या, आणि या वेळी उत्तराखाली एक ओळ कारणासाठी मोकळी सोडा.