घड्याळ बघून चालताना: फायब्रोमायल्जियाचा माझा अनुभव

सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि तरी मानेपासून टाचेपर्यंत अंग दुखतंय, अशा अवस्थेत आज जी कोणी असेल तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी गोव्यात डिचोलीत राहते आणि तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. फायब्रोमायल्जिया हे नाव मला कळलं तोवर दुखणं चांगलंच जुनं झालं होतं.

सुरुवात खांद्यांपासून झाली. फळ्यावर लिहिणारीचे खांदे दुखणारच, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. मग कंबर, मांड्या, पोटऱ्या, जबडा अशी दुखणाऱ्या जागांची भर पडत गेली. रात्रभर झोपूनही सकाळी थकलेलीच उठायची. हजेरी घेताना रोजच्या मुलांची नावं ओठांवर येऊन अडायची. बसमध्ये कोणाचा नुसता धक्का लागला तरी दंडातली कळ बराच वेळ जायची नाही.

तपासण्या झाल्या. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची पावडर घेतली, पातळी सुधारली, दुखणं मात्र होतं तिथेच राहिलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, संधिवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर, सगळं ठीक. एका दवाखान्यात मला सांगण्यात आलं की तुम्हाला काहीही झालेलं नाही, मन कशात तरी रमवा. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी रस्ताभर रडत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण हेच वाक्य ऐकून घरी परतलेल्या बायका मला पुढे खूप भेटल्या.

निदान शेवटी पणजीतल्या एका संधिवाततज्ज्ञांनी केलं. त्यांनी आधी सांधे एकेक करून तपासले, कुठे सूज आहे का ते पाहिलं. मग माणसाच्या आकृतीचा एक कागद पुढे ठेवला आणि गेल्या आठवडाभरात जिथे जिथे दुखलं तिथे खूण करायला सांगितली. शरीराचे १९ भाग त्यात धरलेले असतात. थकवा किती, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, लक्षात ठेवायला किती त्रास होतो, यांना ० ते ३ असे गुण. शिवाय हे सगळं कमीत कमी तीन महिने चाललेलं असायला हवं. पूर्वी, १९९० च्या निकषांप्रमाणे, अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघत आणि त्यातल्या ११ दुखल्या तर निदान होई. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये ही पद्धत बदलली. रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जिच्यात फायब्रोमायल्जिया दिसेल. रक्त तपासायचं ते दुसरं काही नाही ना, एवढं पाहण्यासाठी.

“मग दुखतं कशामुळे?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तुमच्याकडे गणेश चवथीला आरतीत घुमट वाजतं ना? त्याचं चामडं उन्हात चांगलं ताणलं की नुसतं बोट लागलं तरी बोलतं. तुमच्या मज्जासंस्थेचं तसं झालंय.” मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात. स्नायू खराब होत नाहीत, सांधे झिजत नाहीत. ऊतींना इजा झाल्याने होणारी वेदना एक, मज्जातंतूंना इजा झाल्याने होणारी दुसरी, आणि यांखेरीज हा तिसरा प्रकार आहे, हे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये मान्य केलं आणि त्याला ‘नोसिप्लास्टिक’ असं नाव दिलं. मला त्या नावापेक्षा डॉक्टरांचं पुढचं वाक्य जास्त मोलाचं वाटलं: “तुमचं दुखणं खरं आहे, आणि चालल्याने तुमचं शरीर मोडणार नाही.”

औषधांबद्दल थोडक्यात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, हे मला आधीच कळलं असतं तर पोटाची जळजळ वाचली असती. प्रीगॅबॅलिन या गोळीने मला वर्गात उभी असताना चक्कर यायची आणि पाय सुजायचे, म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली. माझ्या ओळखीच्या एकीला तीच गोळी छान लागू पडली. मला रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलीन सुरू केली. नणंदेने ते नाव मोबाईलवर शोधलं आणि घाबरून फोन केला, “वयनी, ही तर डिप्रेशनची गोळी!” तिला समजावून सांगावं लागलं की नैराश्यासाठी हीच गोळी कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, आणि इतकी कमी मात्रा झोप आणि वेदना यांच्यासाठी असते. तोंड कोरडं पडतं, पहिले काही दिवस सकाळी जड वाटतं. गोळी स्वतःच्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

पण गोळीने मला थोडी झोप दिली, एवढंच. खरं वळण आलं ते फिजिओथेरपिस्टकडे. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१६ मध्ये या आजारावरचे सगळे उपचार तपासून शिफारशी केल्या, त्यांत ‘नक्की करा’ अशी ठाम शिफारस एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे व्यायाम. हे ऐकून मला रागच आला होता. जिला जिना चढवत नाही तिने व्यायाम कसा करायचा?

फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण काय बोलायचं ते तिला नेमकं ठाऊक होतं. ती म्हणाली, “ताई, दुखेपर्यंत चालायचं नाही आणि दुखतंय म्हणून बसायचं नाही. घड्याळ बघून चालायचं.” पाच मिनिटं. रोज. घरासमोरच्या रस्त्यावर, सपाटीवर. आठवडाभर जमलं तर पुढच्या आठवड्यात एक मिनिट वाढवायचं, नाही जमलं तर तेवढंच ठेवायचं. पहिले काही आठवडे दुखणं थोडं वाढेल, त्याला घाबरायचं नाही, हे तिने आधीच सांगून ठेवलं म्हणून मी टिकले. पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला हात लावून रेटणं, असे ताकदीचे दोन-तीन प्रकार आले. आज मी रविवारी मये तळ्याच्या काठाने अर्धा तास चालते.

या सगळ्यात सर्वात अवघड भाग वाईट दिवसांचा नव्हता. वाईट दिवशी माणूस आपोआप पडून राहतो. सांभाळायचा असतो तो चांगला दिवस. सकाळी उठावं आणि अंग हलकं असावं, की बाईला काय काय सुचतं! माळा झाडायचा राहिलाय, पडदे धुवायचे आहेत, सोलं म्हणजे कोकमाच्या साली उन्हात घालायच्या आहेत, फळाच्या रसाचं साठं वाळवायचं आहे. साचलेलं सगळं काम एका दिवसात उरकलं जातं आणि मग पुढचे कितीतरी दिवस अंथरुणातून उठवत नाही. हेच चक्र पुन्हा पुन्हा फिरलं की मेंदूही शिकतो, की काम म्हणजे दुखणं. म्हणून नियम असा: चांगल्या दिवशीही घड्याळाप्रमाणेच. वीस मिनिटं काम, मग टेकायचं, अंगात जोर असला तरी टेकायचं. बिछान्यावर नव्हे, खुर्चीत. वाईट दिवशीही पूर्ण सुट्टी नाही. चालणं निम्मं करायचं, पण सोडायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. चांगल्या दिवशी हातातलं काम अर्धं टाकून बसण्याइतकं अवघड मला दुसरं काही वाटलं नाही.

त्यात मला साथ दिली सासूबाईंनी. पहिल्यांदा त्यांना हे पटत नव्हतं. सून ठणठणीत दिसते, ताप नाही, सूज नाही, आणि मध्येच केरसुणी ठेवून बसते. मी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं, आणि घरच्या माणसांना एकदा तरी सोबत न्यावंच असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांकडून ऐकल्यावर सासूबाईंचं वागणं बदललं. मी ओट्यापाशी जास्त वेळ रेंगाळले की स्वयंपाकघराच्या दारातून आवाज येतो, “तूं बस गो, हांव करतां,” म्हणजे तू बस गं, मी करते. आमच्या घरात मराठी आणि कोकणी अशी मिसळूनच चालते, आणि माया दाखवायची ती सासूबाई कोकणीतच दाखवतात.

चवथ ही माझी खरी परीक्षा असायची. घराची झाडलोट, नेवऱ्या म्हणजे करंज्या, लाडू, गणपतीच्या वर बांधतात त्या माटोळीची फळं, पाहुणे, आणि दीड दिवसात सगळा आनंद आणि सगळा ताण. आता आम्ही श्रावण लागला की सुरुवात करतो. रोज एकच खोली, तीही अर्धी. नेवऱ्यांचं सारण घरी होतं, पण लाटायला शेजारच्या दोघी येतात आणि आम्हीही त्यांच्याकडे जातो. लाडू गावातल्या महिलांच्या बचत गटाकडून घेतो. माटोळी बांधणं हे आणि दीर बघतात. देवाच्या कामाला विकतचे लाडू, म्हणून एक-दोन नातेवाईक बोलले. त्यांना सासूबाईंनीच उत्तर दिलं, मला तोंड उघडावं लागलं नाही. आरतीला मी उभी असते, पूर्ण वेळ, आणि ते मला शंभर नेवऱ्या लाटण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पावसाळ्यात माझं दुखणं वाढतं. जूनपासून दमट हवा, ओले कपडे, रस्त्यावर शेवाळ. त्यातलं हवेमुळे किती आणि चालणं बंद पडल्यामुळे किती, हे मी वेगळं करू शकत नाही. चालणं बंद पडू न देणं मात्र माझ्या हातात आहे. म्हणून पडवीत येरझाऱ्या घालते. न्हाणीत गरम पाण्याने शेक घेते. कोमट खोबरेल तेल हलक्या हाताने लावलं की बरं वाटतं. जोर लावून केलेल्या मालिशने मात्र दोन दिवस हाल होतात. खाण्याबद्दल लोक पुष्कळ सांगतात. बटाटा सोड, आंबट सोड, मासे सोड. एखादा ठरावीक आहार या आजारावर लागू पडतो असं डॉक्टरांनी मला सांगितलं नाही, आणि पेज व हुमण, म्हणजे माशांची आमटी, सोडून मी सुखी झाले नसते. वजन वाढू देत नाही, एवढं पाहते.

झोपेचं महत्त्व मला उशिरा कळलं. कॅनडात मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग केला होता. निरोगी माणसांच्या गाढ झोपेत आवाज करून व्यत्यय आणला, तर काही रात्रींतच त्यांचे स्नायू दुखायला लागले, अंग दाबलं तरी दुखू लागलं. म्हणजे दुखण्याने झोप जाते तशी झोप गेल्यानेही दुखणं येतं. आपल्या गोव्यात दुपारी जेवून आडवं व्हायची पद्धत, आणि शाळा दुपारी सुटली की मी तास-दोन तास झोपायची. ती झोप आता अर्ध्या तासावर आणली, गजर लावून. रात्री झोपायची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच.

शाळेचं सांगायला हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे या निदानावर दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. मी मुख्याध्यापिकांना सरळ भेटले आणि मला नेमकं काय हवंय ते सांगितलं: तळमजल्यावरचा वर्ग, बसायला उंच खुर्ची, आणि सलग उभं राहावं लागणार नाही असं वेळापत्रक. ‘मला बरं नसतं’ असं म्हटलं असतं तर त्यांनाही काय करावं कळलं नसतं. तीन गोष्टी मागितल्या, तिन्ही मिळाल्या. विसराळूपणासाठी वही ठेवते, आणि फळ्यावर लिहायला मुलांनाच बोलावते. “टीचर, आज माझी पाळी,” म्हणून भांडतात. त्यांचं अक्षर सुधारलं.

एक धोका मात्र आहे, आणि तो जुन्या रुग्णांना जास्त. अंगात काहीही झालं की ते फायब्रोच्या खात्यावर टाकायची सवय लागते. एका पावसाळ्यात माझी बोटं सुजली, मनगट वळेना, अंगात ताप. घरात सगळे म्हणाले, तुझं नेहमीचंच वाढलंय. पण सांध्यांना सूज हे माझ्या आजाराचं लक्षण नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तपासलं, तर चिकुनगुनिया निघाला. सूज, ताप, कारण नसताना उतरणारं वजन, हातापायांतली ताकद जाणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, आणि डॉक्टरांना फायब्रोमायल्जिया आहे हे सांगतानाच ‘पण हे त्यातलं नाही’ हेही सांगायचं. ताप उतरल्यावर मी फिजिओथेरपिस्टला फोन केला. ती म्हणाली, बोटांची सूज जाईपर्यंत भिंतीचा व्यायाम नको, चालणं पुन्हा पाच मिनिटांपासून.