कलम ५ आणि कपाटातले तीन दाखले

गेल्या जूनमध्ये डीएसएमला, म्हणजे शालेय व्यवस्थापन पदविकेला, अ‍ॅडमिशन घेतली. चौदा वर्षं मराठी आणि इतिहास शिकवून झाल्यावर आता हे कशाला, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकेकदा विचारून घेतलं. उत्तर सोपंय. आमचे मुख्याध्यापक सर दोन वर्षांनी अठ्ठावन्नचे होऊन रिटायर होतात, सेवाज्येष्ठता यादीत त्यांच्या खालोखाल ज्या मॅडम आहेत त्या त्यांच्याही आधी रिटायर होतायत, आणि मग माझं नाव. हौस वगैरे काही नाही, खुर्ची अंगावर येणारच आहे तर तिच्याखाली काय काय ठेवलंय ते आधी बघून घ्यावं म्हटलं.

बाकीचे पेपर ठीकच. नियोजन, नेतृत्व, वेळापत्रक, वाचताना डुलकी लागते. कायद्याच्या पेपरला तर गाढच लागणार असं वाटलं होतं आणि पहिला आठवडा तसाच गेला, कारण ती भाषा! मी मराठीची बाई, पण "समुचित शासनाकडून विहित करण्यात येईल अशा रीतीने" हे वाक्य तीनदा वाचूनही कोण, कुणाला, काय करायला सांगतंय ते कळेना. मग हळूहळू ट्रिक सापडली. समुचित शासन म्हणजे आपल्याबाबतीत बहुतेक वेळा राज्य सरकार, विहित म्हणजे नियमात शोधा, आणि "परंतु" दिसला की पेन्सिल हातात घ्यायची, कारण खरी मेख त्या परंतुच्या पुढेच असते. आता पोरांना निबंधात परंतु कमी वापरा असं सांगताना मलाच हसू येतं.

तर दुसऱ्या आठवड्यात आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा काढला, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. हा आपल्याला येतो असा माझा समज. पंचवीस टक्के राखीव जागा, नापास करायचं नाही, मारायचं नाही, झालं. (नापासचं पण आता तसं राहिलेलं नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली.) रात्री जेवणं उरकल्यावर ओट्याशेजारीच वाचत बसले होते आणि कलम ५ शी आले. दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क. त्यात लिहिलंय की मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही की लांबवायचा नाही, आणि दाखला द्यायला जो मुख्याध्यापक उशीर लावेल तो शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र.

पुस्तक मिटलंच मी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सहावीची क्लासटीचर, नोव्हेंबर महिना, दिवाळीनंतर शाळा नुकतीच उघडलेली. वर्गातल्या एका मुलाचे वडील आले. ड्रायव्हर होते, काम सुटलं होतं, गावी परत चालले होते, पोराला तिथल्या झेडपीच्या शाळेत घालायचं होतं. क्लार्कने सांगितलेलं की दोन महिन्यांचे बसचे पैसे बाकी आहेत, क्लासटीचरची नो ड्यूजवर सही आणा मग दाखला. तो कागद घेऊन ते माझ्या वर्गाच्या दारात. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "दादा, तेवढी बाकी भरून टाका, लगेच सही करते." ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात पाठवतो, पोराचं नाव तेवढं घालू द्या तिकडं." मी नाही म्हटलं. वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम असं मनाशी म्हणून नाही म्हटलं आणि असा नियम कुठे लिहिलाय हे बघायचं मला सुचलंही नाही, कारण माझ्या आधीच्या सगळ्यांनी तेच केलेलं मी बघत आले होते. मुलगा मागे उभा होता, दप्तर पाठीला, हातात चित्रकलेची वही. वडील वळले तसा तो मला म्हणाला, "मॅडम, मग मी उद्या येऊ का?"

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. दाखला जानेवारीत गेला. मधले दोन महिने तो कुठे बसत होता, माहीत नाही. त्या झेडपी शाळेनेही दाखल्यावाचून त्याला घ्यायलाच हवं होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं, त्याच्या वडिलांना नव्हतं, आणि आमच्या ऑफिसात कुणाला माहीत असलं तरी कुणी बोललं नाही.

अर्थात कलमाला मर्यादा आहेत. हा हक्क सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठीचा आहे, पूर्ण विनाअनुदानित शाळेत जागा मागायची तर कलम ५ कामाला येत नाही. आणि बाकी माफ करा असंही ते म्हणत नाही. पैसे मागा, पत्र पाठवा, वसूल करा, फक्त त्यासाठी पोराचा कागद तारण ठेवू नका एवढंच. पण आमच्याकडे उलटंच, पत्र कधी पाठवत नाहीत, कागद मात्र लगेच अडकवून ठेवतात.

त्या रात्रीनंतर झोपबीप उडाली आणि मी वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. आपण आजवर काय काय बेकायदा केलंय याची यादीच तयार व्हायला लागली म्हणा ना. जन्माचा दाखला नाही म्हणून "नंतर या" सांगणं, कलम १४ बघा, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्गासमोर "तुझ्या डोक्यात कांदे-बटाटे भरलेत का" म्हणणं, कलम १७, छडीइतकाच मानसिक छळही मना आहे. आपल्या बाजूचंही सापडतं हं, कलम २७ प्रमाणे शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून. तेवढं एक कलम स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे! बाकीची नाहीत.

मग आली एमईपीएस. कायदा १९७७ चा, नियमावली १९८१ ची, खाजगी शाळांतल्या शिक्षक-शिक्षकेतरांच्या नोकरीचं सगळं त्यात. पदविकेच्या संपर्क सत्रात तिथल्या सरांनी एक काल्पनिक केस दिली, शिपाई दारू पिऊन आला, पालकांसमोर तमाशा झाला, तुम्ही मुख्याध्यापक आहात, काय कराल? आम्ही तीसेक जण, सगळे पंधरा-वीस वर्षांचे मुरलेले, पाच मिनिटांत उत्तर तयार, निलंबित. सर म्हणाले छान, कुणाच्या सहीने? शांतता. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतली? नाही घेतली तर निलंबनाच्या पहिल्या दिवसापासूनचा निर्वाह भत्ता संस्थेच्या खिशातून जाईल, माहितीये? चौकशी समितीत किती जण? कुणी पाच म्हणालं, कुणी म्हणालं संस्थेचे सचिव एकटेच करतात की. मग सरांनी फळ्यावर लिहिलं, तीन. एक संस्थेचा, एक त्या कर्मचाऱ्याने स्वतः सुचवलेला, आणि तिसरा पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. हा दुसरा माणूस मला फार आवडला. ज्याच्यावर आरोप आहे त्याचाही एक माणूस टेबलाच्या त्याच बाजूला बसतो. आणि तरीही काढून टाकलंच तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील.

मला वाटत होतं या सगळ्या कागदी फॉर्म्यालिटीज. पण सरांनी औरंगाबादच्या एका शिक्षिकेची केस सांगितली. संस्थेनं आधी निलंबित केलं, मग काढलं, न्यायाधिकरणानं ते चुकीचं ठरवून मागच्या पगारासकट परत घ्या म्हटलं, हायकोर्टानं मागचा पगार काढून टाकला, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो पुन्हा दिला. पूर्ण पगार, काम न करता गेलेल्या सगळ्या वर्षांचा. आमच्यातले एक जण हळूच म्हणाले, बाईंची लॉटरी लागली की. सर म्हणाले, ती वर्षं तिनं घर कसं चालवलं असेल ते विचारा आधी. वर्ग गप.

ज्या दिवशी पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, शिकवून झाला त्या दिवशी मात्र चहाच्या सुट्टीतही कुणी फार बोललं नाही. आपल्याकडची पद्धत काय, तर असं काही कानावर आलं की आधी आतल्या आत विचारपूस करायची, संस्थेला सांगायचं, पालकांना समजवायचं, शाळेचं नाव. २०१२ चा तो कायदा म्हणतो की शंका आली तरी कळवायचं, पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला, आणि हाताखालच्या माणसाबद्दलची तक्रार संस्थाप्रमुखानं दाबली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या, अशी पळवाट त्यात कुठेही नाही. मी शोधली. परंतु पण नाही.

आता परीक्षा झाली, बरी गेली. शिक्षणाधिकारी, शासन निर्णय आणि संहिता यांतलं काय कुणावर भारी पडतं हा प्रश्न आला होता, तो मी पानभर लिहिला. (माध्यमिक शाळा संहिता हा कायदा नाही, प्रशासकीय सूचना आहेत, हे चौदा वर्षांनी कळलं. आमच्याकडे तर तिची शपथ घेतात.)

गेल्या शनिवारी जनरल रजिस्टर बघायला ऑफिसात गेले होते. कपाटाच्या खालच्या खणात तीन दाखले दिसले, भरलेले, शिक्का मारलेले, प्रत्येकाला टाचणीने एक चिठ्ठी, "बाकी". एकावर तारीख ऑगस्टची. क्लार्कभाऊंना विचारलं तर म्हणाले सरांना विचारा. सरांना विचारलं. सर वाईट नाहीत, अजिबात नाहीत, ते म्हणाले, "मॅडम, कायदा कायद्याच्या जागी, बसवाल्याचं बिल कोण भरणार?" खरं तर हा प्रश्न काही चुकीचा नाही, दोन वर्षांनी तो माझाच असणार आहे. मी म्हटलं, सर, वसुलीची पत्रं मी लिहिते, तिन्ही घरांना, आजच, पण दाखले जाऊ द्या. ते म्हणाले सोमवारी बघू.

पत्रं लिहून झालीत. कलम ५ ची झेरॉक्स पण पर्समध्ये आहे, तिसरं पोटकलम अधोरेखित करून. तिघांपैकी एका आईचा फोन लागला, तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर पैसे सगळे एकदम भरायचे का. मी म्हटलं ताई, ते नंतर बघू, आधी सांगा, पोरगी सध्या शाळेत जातेय का कुठल्या?

नाही म्हणाली.

उद्या सोमवार.