साइप्पुआ म्हणजे साबणच!

फिनलंडला नव्याने आलेल्या मराठी माणसाला किराणा दुकानातला एकही शब्द जवळचा वाटत नाही. दूध म्हणजे ‘माइतो’, अंडं म्हणजे ‘मुना’. मासा तर चक्क ‘काला’, आणि आपल्या गोपाळकाल्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. फिनिशचं भाषाकूळच निराळं. मराठीचं लांबचं नातं स्वीडिशशी, रशियनशी निघतं, फिनिशशी नाही. पण साबणाच्या वडीवर लिहिलेलं ‘साइप्पुआ’ हा मात्र योगायोग नव्हे. आपला साबण तो हाच.

मूळ शब्द बहुधा जुन्या जर्मानिक टोळ्यांचा. इसवी सन 77च्या सुमारास प्लिनी हा रोमन लेखक ‘सापो’ची नोंद करतो: चरबी आणि राखेपासून करतात, केस लालसर करायला वापरतात, आणि जर्मन लोकांत बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरतात. अंग धुण्याचं तिथे नावही नाही! सापो नावाच्या डोंगरावरून हा शब्द आला अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात, पण असा डोंगर कुठेच सापडलेला नाही.

या टोळ्यांकडून शब्द उत्तरेला फिनिशमध्ये गेला. दक्षिणेला लॅटिन, ग्रीक असं करत अरबीत ‘साबून’ झाला. सीरियातल्या अलेप्पोचा आणि पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण नावाजलेला. जिथे माल, तिथे शब्द. तुर्की आणि इंडोनेशियनमध्ये ‘साबून’, स्वाहिलीत ‘साबूनी’. आपल्याकडे तो फारसीमार्फत आला म्हणतात. कोणी पोर्तुगीजांचं नाव घेतात, पण त्यांचा शब्दही त्याच लॅटिन ‘सापो’चा.

फिनिशने हा शब्द दोनदा घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं. दुसऱ्यांदा स्वीडिशकडून, ‘सुओपा’ म्हणून. पाइन झाडापासून केलेला ‘मँतूसुओपा’ घेऊन इथले लोक उन्हाळ्यात सतरंज्या धुतात. हेलसिंकीत समुद्रकाठी त्यासाठी खास धक्के आहेत, लाकडी टेबलं मांडलेले. ब्रशने खसाखसा घासणं चाललेलं असतं, शेजारी मुलं खेळत असतात. थेट आपला धुण्याचा घाट!

आणखी एक गंमत. साबण विकणारा तो ‘साइप्पुआकाउप्पिआस’. रोमन लिपीत हा पंधरा अक्षरी शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो. इथल्या माणसांना त्याचा केवढा अभिमान! त्यांना मी ‘चिमा काय कामाची’ शिकवते आहे.