वाडा पाडण्याआधी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाड्याचा पुढचा अर्धा भाग पाडला. भिंतीतले चिरे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून गेले. तो चुलत्यांचा वाटा. त्यांना स्लॅब टाकायचाय. त्यांच्यावर राग नाही माझा. मृगाआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती टाकायला माणूसच मिळत नाही हल्ली. पण त्या दिवशी आईने मागचं दार लावून घेतलं ते दिवे लागेपर्यंत उघडलं नाही.

आमच्या नळदुर्गला येणारे लोक किल्ला बघतात आणि हायवेला लागतात. किल्ला आहेच तसा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पाऊसकाळ चांगला झाला की नर-मादी धबधबे कोसळतात, डोक्यावरून पाणी जातं आणि महालात आपण कोरडे उभे असतो. चारशे वर्षं तग धरलेलं काम आहे हे. म्हणून जीव तोडून सांगतो, सांधे भरायचे तर चुन्यानेच भरा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारचा दगड झडायला लागतो. तटातलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटा. मूळ आत शिरलं की चिराच बाहेर ढकलतं.

पण तटाबाहेरच्या गावाचं काय? हे सरहद्दीवरचं ठाणं. निजामाच्या मुलखाच्या या टोकाला आम्ही, पलीकडे इंग्रजांचं सोलापूर. 1853 नंतर इंग्रज अधिकारी मेडोज टेलर इथूनच कारभार बघायचा, तेव्हा जिल्हाच नळदुर्गचा होता. सप्टेंबर 1948 मध्ये सोलापूरहून भारतीय फौज आली तीही इथूनच. आजोबांनी ती आमच्याच माळवदावरून पाहिली होती.

आमचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला, बाकीचे अणदूरला. मूर्ती एकच. नेताना-आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात आणि पाळतात. तसाच एक कागद गल्लीतल्या जुन्या घरांसाठी करावा, असं मनात आहे. पाडण्याआधी मापं घ्यायची, फोटो काढायचे, चिरे आणि तुळया आधी गावातच विचारायच्या. पौषातल्या यात्रेला सगळे भाऊबंद येतात, तेव्हा बोलणार आहे.

आमच्या उरलेल्या पाच खणांची मापं वहीत उतरवलीत. सोमवारी पांढऱ्या मातीची ट्रॉली येतेय. माळवद नीट चोपता येणारा कुणी जुना गडी ओळखीत असेल तर कळवा.