आमची वाटचाल : पिल्लाच्या जेवणाचा हिशेब

सांगलीत आमचं दुकान सुरू झालं ते गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यावर. कुत्र्यांचं खाद्य एका फळीवर मावायचं. आज निम्मं दुकान त्याचंच आहे, आणि त्यात आमचा जीव गुंतलाय तो पिल्लांच्या खाद्यात. मोठ्या कुत्र्याचं जेवण थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं, पिल्लाची हाडं मात्र त्याच दिवसांत घडत असतात.

गिऱ्हाईक आलं की आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो : पिल्लू किती आठवड्यांचं, आणि मोठं झाल्यावर वजनाला किती भरेल? लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा ३२ किलोच्या आसपास किंवा वर जाणाऱ्या जातींना मोठ्या जातीच्या पिल्लांचंच खाद्य देतो. त्यात कॅल्शियम कोरड्या वजनाच्या, म्हणजे खाद्यातलं पाणी वगळून उरणाऱ्या वजनाच्या, १.२ ते १.८ टक्क्यांत असावं लागतं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणून कॅल्शियमचं सिरप आम्ही काउंटरवरून काढलं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच देतो. उलट बाजूही तितकीच वाईट. नुसतं बोनलेस चिकन आणि भात खाणाऱ्या पिल्लाला फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावालाच. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं.

पुढे दुकानात वजनकाटा आला, तो पिल्लांसाठी. चार किलोच्या, अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. पिशवीवर १०० ग्रॅमला ३७० लिहिलं असेल तर १६० ग्रॅम, म्हणजे ४०-४० ग्रॅमचे चार वेळचे भाग. वाटीने मोजू नका. दाण्याच्या आकारानुसार त्याच वाटीत वजन बदलतं. दर आठवड्याला पिल्लू तोला आणि बरगड्यांवरून हात फिरवा : बरगड्या बोटांना लागाव्यात, डोळ्यांना उठून दिसू नयेत. तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहानंतर दोन वेळा.

दूध-भाकरीचा आग्रह अजूनही होतो. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि चरबी असते, लॅक्टोज कमी. गाईच्या दुधाने पोट भरतं, वाढ होत नाही, वर जुलाब. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाला खिमट द्यावं : एक भाग दाणे, तीन भाग कोमट पाणी, पूर्ण भिजल्यावर कुस्करून. पाणी हळूहळू कमी करत सात-आठ आठवड्यांत कोरड्या दाण्यांवर आणावं.

नव्या घरी आलेल्या पिल्लाचं खाद्य लगेच बदलू नये. आधी तीन-चार दिवस जुनंच. मग दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. पॉमसारखं चिमुकलं पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर साखर उतरते, ते थरथरतं, लुळं पडतं. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळून तडक डॉक्टरांकडे न्यावं.

सुटं खाद्य विकणं आम्ही बंद केलं आहे. पावसाळ्यात उघड्या पोत्याला ओल धरते, बुरशी येते, आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. आता लहान पिशव्याच ठेवतो. पिशवी फोडल्यावर दाणे डब्यात ओतू नका. पिशवीसकट डब्यात ठेवा आणि सहा आठवड्यांत संपवा.